खुब्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन: कोणी घ्यावं, कधी घ्यावं आणि कधी अजिबात नको

अमळनेर तालुक्यातल्या एका भाऊंनी विचारलंय. आई ६३ वर्षांची, शुगर दहा वर्षांपासून, डाव्या खुब्याचा आर्थरायटीस, एक्सरेत सांध्यातली गॅप बरीच कमी झालेली, रात्री कूस बदलताना कळ येते आणि उठून बसते. डॉक्टरांनी सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन सुचवलंय, सांधा बदलायचं ऑपरेशन दिवाळीनंतर करू असं बोलणं झालंय. घरात मामा म्हणतात स्टिरॉइडने हाड सडतं, आणि गल्लीतले म्हणतात आमच्या आबांनी घेतलं तर ते महिनाभरात शेतात जायला लागले. आईचं म्हणणं एकच, श्रावणात कानबाईच्या (आपल्या खान्देशातल्या देवीच्या सणाच्या) रोटांआधी बरं वाटलं पाहिजे. तर हे सेफ आहे का?

भाऊ, जळगावात हाडांचं काम करता करता २६ वर्षं झाली, मामा म्हणतात ते पण पाहिलंय आणि आबांसारखे पण कितीतरी पाहिलेत, त्यामुळे दोघांपैकी कोणाला खोटं पाडणार नाही. आधी थोडक्यात सांगतो. निदान पक्कं असेल, सुई मशीनवर बघून बरोबर सांध्यात गेली असेल, शुगर आवाक्यात असेल आणि ऑपरेशन तीन महिन्यांच्या आत नसेल, तर एक इंजेक्शन बहुतेक लोकांना सुरक्षित आहे. यातली एक जरी गोष्ट हुकली तरी उत्तर बदलतं, म्हणून खाली जरा लांबण लावतोय, सगळं वाचा.

पहिलं म्हणजे आपल्याकडे स्टिरॉइड म्हटलं की सगळ्याची खिचडी होते. जिमवाले घेतात ते वेगळं, दम्याला-संधिवाताला पोटातून गोळ्या देतात ते वेगळं, आणि गावात "कंबरेत सुई मारली" म्हणतात ते तर अजूनच वेगळं. मी पेशंटला विचारतो खुब्यात इंजेक्शन घेतलंय का आधी, तर म्हणतात हो घेतलंय की, पाच-सहा झाले. मग खोदून विचारलं की कळतं ते कुल्ल्यावर मारलेलं डेक्सा नावाचं स्टिरॉइड होतं, सांध्याच्या जवळपास पण गेलेलं नाही. ते सगळ्या अंगात फिरतं, दोन दिवस माणूस ताजातवाना होतो, पुन्हा दुखलं की पुन्हा जातो. त्याने शुगर वाढते, बीपी वाढतो, हाडं पोकळ होतात, आणि वारंवार घेतलं तर मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच बंद पडू शकतो. मामा म्हणतात ना हाड सडतं, ते बहुतेक अशाच कोणाचं तरी पाहून म्हणत असतील, आणि त्यात तथ्य आहे. आठवडी बाजारात बिनालेबलच्या पुड्या मिळतात त्यांचंही तेच, दुसऱ्या दिवशी दुखणं गायब झालं तर समजून घ्या आत काय असणार. तुमच्या आईने असं काही घेतलं असेल तर डॉक्टरपासून लपवू नका, आणि बरेच महिने घेतलं असेल तर एकदम बंद पण करू नका, त्याने अंगातला त्राण जातो आणि बीपी खाली येतो, ते हळूहळू उतरवावं लागतं.

सांध्यात द्यायचं औषध आजकालचं नाही. कॉर्टिसोनच्या संशोधनासाठी हेन्च, केंडाल आणि राइखस्टाइन यांना १९५० मध्ये नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या हॉलंडर यांनी ते थेट सांध्यात देऊन पाहिलं. म्हणजे सत्तरहून जास्त वर्षं डॉक्टर लोक हे वापरताहेत. काम काय करतं, तर सांध्याच्या आतलं अस्तर सुजलेलं असतं ती सूज उतरवतं. सांध्यातल्या हाडांवरची घासलेली गादी (कूर्चा) परत आणत नाही, गॅप वाढवत नाही. सूज उतरली की दुखणं उतरतं, एवढंच.

किती दिवस उतरतं हे पण स्पष्ट सांगतो कारण इथेच लोकांची फसगत होते. इंग्लंडमध्ये १९९ पेशंटवर एक चांगला अभ्यास झाला, २०२२ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. सोनोग्राफीवर बघून खुब्यात ४० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड आणि सोबत भुलीचं औषध दिलं, तर इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा या लोकांना खरंच आराम पडला, सगळ्यात जास्त दोन आठवड्यांच्या सुमाराला, आणि मग चार महिन्यांपर्यंत तो फरक विरत गेला. उपचार कसे करावेत हे सांगणारी इंग्लंडचीच नाइस संस्था पेशंटला दोन ते दहा आठवडे असंच सांगायला लावते. माझ्याकडे सरासरी अडीच-तीन महिने बघतो, कोणाला जास्त, कोणाला पंधरा दिवसही नाही. ज्यांचा सांधा पूर्ण घासून हाडाला हाड लागलंय त्यांना कमी मिळतं.

आता मला खरं ज्याच्यावर बोलायचंय ते. इंजेक्शनच्या आधी विचारायचा प्रश्न "सेफ आहे का" हा दुसरा, पहिला प्रश्न "हा नक्की आर्थरायटीसच आहे का" हा.

खुब्याचं दुखणं जांघेत येतं. पेशंट हाताचा पंजा सी अक्षरासारखा करून खुब्याला धरून दाखवतो, अंगठा मागे, बोटं जांघेत. कुल्ल्यावर किंवा कंबरेत दुखत असेल तर बऱ्याचदा ते मणक्याचं असतं, आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला हाड टोचतं तिथे दुखत असेल, त्या कुशीवर झोपता येत नसेल, तर ती सांध्याबाहेरच्या स्नायूंची सूज, तिथलं इंजेक्शन वेगळं आणि बरंच सोपं. याच्या उलट खुबा खराब आणि दुखतंय फक्त गुडघ्यात असेही पुष्कळ येतात. पारोळ्याकडच्या एक अक्का आल्या होत्या, दोन वर्षं गुडघ्याला तेल, गुडघ्याला पट्टा, गुडघ्यात दोन इंजेक्शनं, काहीच फरक नाही. टेबलावर झोपवून पाय गुडघ्यात वाकवला आणि पाऊल बाहेरच्या बाजूला फिरवलं तर जांघ धरून ओरडल्या. गुडघा चांगला होता, खुबा गेलेला. पायाची नखं कापता येत नाहीत, चप्पलचा पट्टा लावायला वाकता येत नाही, मांडी घालून बसता येत नाही, हे ऐकलं की मी गुडघ्याच्या आधी खुबा बघतो.

आणि वय कमी असेल तर अजून सावध. आपल्या खान्देशात ही गोष्ट पुण्या-मुंबईपेक्षा जास्त लागू पडते, का ते सांगतो. नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, आणि इकडे चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्याच्या पट्ट्यात भिल्ल आणि पावरा समाजात सिकलसेल बराच आहे. सिकलसेलमध्ये रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, आणि मांडीच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या नसा अशाच बारीक असतात. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटतो, हाड आतून मरतं आणि मग खचतं. याला आम्ही एव्हीएन म्हणतो.

काही वर्षांपूर्वी धडगावकडचा एक २९ वर्षांचा पोरगा आला होता, सावद्याकडे केळी कापणीला होता, २०-२५ किलोचा घड खांद्यावर घेऊन बागेतून गाडीपर्यंत दिवसभर ये-जा. जांघेत दुखायचं म्हणून एका ठिकाणी एक्सरे काढला, नॉर्मल आहे म्हणाले, सूज असेल म्हणून सांध्यात इंजेक्शन दिलं. महिनाभर त्याला एकदम मोकळं वाटलं आणि तो परत घड उचलायला लागला. माझ्याकडे आला तेव्हा लंगडत होता. एमआरआय केला तर दोन्ही बाजूंचा एव्हीएन, डावा गोळा खचायला लागलेला. रक्ताची सोल्युबिलिटी टेस्ट पॉझिटिव्ह आली, पुढे एचपीएलसी या रक्ताच्या सविस्तर तपासणीत सिकलसेल पक्का झाला, तोपर्यंत त्याला कोणी सांगितलंच नव्हतं, लहानपणापासून "हातपाय दुखतात याचे" एवढंच माहीत. एव्हीएनचा एक्सरे सुरुवातीला नॉर्मलच दिसतो, एमआरआयशिवाय कळत नाही. दुखणं मारलं आणि मेलेल्या हाडावर वजन पडत राहिलं, हा खरा धोका. वरून सिकलसेलच्या माणसात स्टिरॉइडनंतर क्रायसिस (अंगभर कळांचा झटका) उठू शकतो तो वेगळाच. १ जुलै २०२३ पासून केंद्राचं सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू आहे, सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते, त्या पट्ट्यातल्या कोणाही तरुणाला जांघेत दुखत असेल तर आधी ही रक्ततपासणी आणि एमआरआय, इंजेक्शनचं नाव नंतर. रोज भरपूर दारू घेणारे आणि कोणत्याही आजारासाठी बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या घेतलेले, यांनाही हेच.

दुसरा चोर म्हणजे हाडाचा टीबी. वजन उतरतंय, संध्याकाळी कणकण येते, भूक गेली, रात्री झोपेत कळ येऊन ओरडत उठतो, आणि मग एक्सरेत गॅप कमी दिसली म्हणून आर्थरायटीस समजून कोणी स्टिरॉइड दिलं तर आगीत तेल. इएसआर आणि सीआरपी (सूज-इन्फेक्शन दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), छातीचा एक्सरे, शंका असेल तर सांध्यातलं पाणी काढून तपासणी, याला काही फार खर्च येत नाही.

तुमच्या आईचं वय ६३, एक्सरेत गॅप कमी, हळूहळू वाढत गेलेलं दुखणं, म्हणजे आर्थरायटीसच असण्याची शक्यता जास्त. तरी एक्सरे सहा महिन्यांहून जुना असेल तर नवा काढून घ्या, तो का ते खाली येतंय.

आता इंजेक्शन कसं देतात. खुबा गुडघ्यासारखा वर नसतो, खूप खोल असतो, आणि जांघेतून जाताना मोठी रक्तवाहिनी आणि मोठी नस (मज्जातंतू) अगदी शेजारून जाते. त्यामुळे ओपीडीत खुर्चीवर बसवून अंदाजाने टोचायचं हे इंजेक्शनच नाही. सोनोग्राफीवर बघून किंवा सी-आर्मच्या एक्सरेवर बघूनच द्यायचं. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवाताच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०१९ च्या गाइडलाइनमध्ये खुब्यासाठी स्टिरॉइडच्या इंजेक्शनची जोरदार शिफारस केलीय आणि तिथेच खुब्याला सोनोग्राफीखाली द्या असंही तितक्याच जोराने सांगितलंय. कोणी म्हणालं की मशीन नाही पण माझा हात बसलाय, तर नम्रपणे नाही म्हणा आणि दुसरीकडे जा. जळगाव, धुळे, भुसावळ, नंदुरबार, सगळीकडे आता मशीन आहे.

मी देतो तेव्हा पेशंटला ओटीत पाठीवर झोपवतो, गुडघ्याखाली छोटी उशी, जांघ औषधाने दोन-तीनदा धुऊन घेतो. जांघेत बोट ठेवून नाडी शोधतो, तिथे मार्कर पेनने खूण, म्हणजे सुई तिच्यापासून लांब बाहेरच्या बाजूने जाते. आधी बारीक सुईने कातडी बधिर करायची, मग नऊ-दहा सेंटीमीटरची पातळ सुई स्क्रीनकडे बघत मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याखालची हाडाची मान जिथे जुळतात तिथे टेकवायची. सुई हाडाला टेकली की पेशंट सांगतो "दाब लागतोय". तिथे डायचा (एक्सरेत दिसणाऱ्या औषधाचा) थेंबभर आत सोडला की तो मानेभोवती गळपट्ट्यासारखा पसरतो, तसा दिसला तरच सांध्यात आहोत, डाय एकाच जागी साचून बसला तर सुई बाहेर आहे, परत काढून जागा बदलायची. आयोडिनच्या डायची अॅलर्जी असेल तर सोनोग्राफीवर करतो. मग औषध. ट्रायमसिनोलोनची बाटली हलवून घ्यावी लागते, पातळ ताकासारखं पांढरं दिसतं, खाली साका बसलेला असतो, न हलवता भरलं तर नुसतं वरचं पाणी आत जातं. मी ४० मिलिग्रॅमच्या वर जात नाही. सगळं मिळून दहा-पंधरा मिनिटं, बाई उठून स्वतः चालत बाहेर येते.

यात एक फायदा असा की सोबत भुलीचं औषध असतं, त्यामुळे अर्ध्या-पाऊण तासात मी पेशंटला जिना चढायला लावतो. जांघेतलं दुखणं तेवढ्या वेळापुरतं पूर्ण गेलं तर दुखणं खुब्यातूनच येत होतं हे पक्कं, ऑपरेशन केलं तर फायदा होईल हेही बऱ्यापैकी कळतं. तसूभर फरक नाही पडला तर परत मणक्याकडे बघायचं. हे कागदावर लिहून ठेवा, किती वाजता किती टक्के कमी झालं, डॉक्टरला दाखवा, फार कामाची माहिती असते ती. भूल काही तासांत उतरते, रात्री परत दुखायला लागतं, लोक घाबरून फोन करतात की फेल गेलं. फेल नाही गेलं, स्टिरॉइडला काम करायला दोन ते सात दिवस लागतात. कधी कधी भूल शेजारच्या मज्जातंतूपर्यंत पसरते आणि मांडी दोन-चार तास ढिली वाटते, म्हणून त्या दिवशी टू-व्हीलर चालवायची नाही, घरचं माणूस सोबत आणायचं.

छोटे त्रास म्हणजे पहिले एक-दोन दिवस दुखणं उलट वाढणं, बर्फाने आणि पॅरासिटामॉलने जातं. तोंड-मान लालसर गरम वाटणं, एखाद रात्र झोप न लागणं. हे आपोआप जातं.

शुगर मात्र छोटा त्रास नाही. सांध्यात दिलेलं औषध थोडं रक्तात जातंच, आणि डायबेटीसवाल्यांची शुगर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चढते, कधी आठवडाभर चढलेली राहते. मला हा धडा एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी दिला. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तीन दिवस आधी मी त्यांना इंजेक्शन दिलं, लेकी माहेरी आलेल्या, घरात आमरस, त्यांनी पण दोन वाट्या घेतल्या, आणि तिसऱ्या दिवशी रात्री शुगर ४१२, सारखी लघवी, चक्कर, ॲडमिट करावं लागलं. त्या बऱ्या झाल्या, पण सण केव्हा आहे हे मी विचारलं नव्हतं ही चूक माझी होती. तेव्हापासून तारीख ठरवताना आधी कॅलेंडर बघतो. तीन महिन्यांची शुगर म्हणजे एचबीए१सी ८ च्या वर असेल तर मी इंजेक्शन पुढे ढकलतो. इंजेक्शननंतर आठवडाभर घरच्या ग्लुकोमीटरवर दिवसातून तीनदा शुगर, ३०० च्या वर गेली तर शुगरच्या डॉक्टरांना फोन, इन्शुलिनचा डोस तेच ठरवतील, आपल्या मनाने नाही.

सांध्यात जंतू जाणं, हे क्वचित होतं, पण झालं तर सांधा जातो. म्हणून जांघेत नायटा, पुळी, घामोळं फुटलेलं असेल तर द्यायचं नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४५ डिग्रीत जांघेचा नायटा किती जणांना असतो, तेव्हा स्वतःहून दाखवा, लाजू नका. लघवीचं इन्फेक्शन, दाढ सुजलेली, पायाला जखम, हे सगळं आधी बरं करायचं. आणि इंजेक्शननंतर दोन-तीन दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललं, ताप आला, पाय टेकवता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना, दुखण्याच्या गोळ्या खात घरी बसायचं नाही. स्टिरॉइडमुळे ताप आणि सूज दबून राहू शकते, त्यामुळे "थोडासाच ताप आहे" हे मनाला सांगू नका. वर त्या १९९ जणांच्या अभ्यासाचं सांगितलं ना, त्यात हृदयाची कृत्रिम झडप बसवलेला एक पेशंट इंजेक्शननंतर चार महिन्यांनी हृदयातल्या इन्फेक्शनने गेला, आणि अभ्यास करणाऱ्यांनी स्वतःच लिहिलं की याचा इंजेक्शनशी संबंध असू शकतो. म्हणून झडप बदललेली असेल तर हे आधी सांगायलाच हवं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तरी इंजेक्शन बहुतेकदा देता येतं, त्या परस्पर बंद करू नका, त्याने लकवा यायचा.

मामांच्या मुद्द्यावर येतो. सांध्यात घेतलेल्या इंजेक्शनने हाड खराब होतं का? २०१९ मध्ये बॉस्टनच्या रेडिओलॉजिस्ट लोकांनी खुब्यात किंवा गुडघ्यात इंजेक्शन घेतलेल्या ४५९ पेशंटचं लिहिलं, त्यातल्या ३६ जणांमध्ये, म्हणजे ८ टक्क्यांत, नंतर सांध्याचं काही ना काही बिघडलेलं दिसलं. बहुतेकांमध्ये आर्थरायटीस भराभर वाढलेला, थोड्यांमध्ये गादीखालच्या हाडाला बारीक फ्रॅक्चर, एव्हीएन, किंवा सांधा पार कोसळलेला. आणि गुडघ्यात ४ टक्के तर खुब्यात १०. हवाईमधल्या डॉक्टरांनी नंतर दाखवलं की जेवढा डोस मोठा आणि जेवढी इंजेक्शनं जास्त तेवढा खुबा झपाट्याने कोसळायचा धोका जास्त. गुडघ्यावर २०१७ मध्ये १४० लोकांना दोन वर्षं दर तीन महिन्यांनी स्टिरॉइड किंवा नुसतं सलाइन देऊन पाहिलं, तर स्टिरॉइडवाल्यांची गादी जास्त झिजली आणि दुखण्यात दोन वर्षांनी काही फरक नव्हता. खुब्यावरचे हे अभ्यास मागे वळून बघणारे आहेत, ज्यांचा सांधा तसाही वेगाने जाणार होता तेच इंजेक्शन घ्यायला आले असतील असंही होऊ शकतं, त्यामुळे दोष सगळा औषधाचा असं छातीठोक म्हणता येत नाही. पण मी ते हलक्यात पण घेत नाही.

कारण माझ्या हातून झालंय. भुसावळचे रेल्वेतून रिटायर झालेले एक नाना, पहिल्या इंजेक्शनने चार महिने छान गेले, दुसऱ्याने जेमतेम दोन. मग घरात लेकीचं लग्न निघालं, माझ्यासमोर हात जोडून बसले, साहेब एवढं लग्न पार पाडून द्या. वर्षाच्या आत तिसरं दिलं. आधीचा एक्सरे आठ महिन्यांचा होता, नवा काढला नाही. लग्नात ते उभे राहिले, नाचलेही असं नंतर कळलं. पाच महिन्यांनी आले तेव्हा गोळा चपटा झालेला, तो ज्यात बसतो त्या खुब्याच्या वाटीचं हाड पण खाल्लेलं, पाय दोन सेंटीमीटर आखूड. ऑपरेशन झालं, आज चालतात, पण सरळ झालं असतं ते ऑपरेशन अवघड झालं, हाडाचा भराव टाकावा लागला. गादीखालचं बारीक फ्रॅक्चर त्या तिसऱ्याच्या आधीपासून असेल, नवा एक्सरे आणि गरज पडली असती तर एमआरआय, यात दिसलं असतं. नाना मला कधी काही बोलले नाहीत. मला मात्र ते बोचतं. तेव्हापासून माझा नियम, खुब्यात एक, फार तर फार दुसरं, मध्ये निदान चार-सहा महिने, आणि प्रत्येक वेळी सुईच्या आधी ताजा एक्सरे. आणि इंजेक्शननंतर बरं वाटलं म्हणून पोती उचलायची नाहीत, पहिले दोन आठवडे तर शेतातलं जड काम बंदच.

ऑपरेशनचं गणित सोपं आहे पण पाळायचं. सांधा बदलायच्या आधीच्या तीन महिन्यांत त्याच खुब्यात इंजेक्शन घेतलं असेल तर नवीन सांध्याला इन्फेक्शन लागायचा धोका वाढतो, आणि कृत्रिम सांध्याचं इन्फेक्शन म्हणजे सांधा काढा, महिनोन्महिने अँटिबायोटिक, परत बसवा, घर बसतं त्यात. म्हणून ऑपरेशनची तारीख तीन महिन्यांच्या आत असेल तर इंजेक्शन नको, आणि इंजेक्शन घेतलं असेल तर ऑपरेशन तीन महिने पुढे. दोन वेगळे डॉक्टर असतील तर दोघांनाही तारीख सांगा, ही गोष्ट मधल्यामध्ये राहून जाते.

जेल (वंगणासारखं औषध) आणि पीआरपी (आपल्याच रक्तातून काढलेला द्रव) यांच्या इंजेक्शनांबद्दल पण विचारतात म्हणून लगेच सांगतो. खुब्याच्या आर्थरायटीसला जेलचं इंजेक्शन देऊ नये आणि पीआरपीही देऊ नये असं त्याच अमेरिकन गाइडलाइनमध्ये स्पष्ट आहे. हजारो रुपये जातात, तेच ऑपरेशनला ठेवा, आणि सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या.

आता तुमच्या आईचं. कानबाई श्रावणात, ऑपरेशन दिवाळीनंतर, म्हणजे आषाढात इंजेक्शन घेतलं तर तीन महिन्यांचं अंतर पुरतं. नवरात्राच्या आसपास दुखणं परत उठेल तेव्हा मात्र दुसरं मागायचं नाही, मागितलं तर ऑपरेशन पुढे जाईल, तेव्हा काठी आणि गोळ्यांवर काढायचं. काठी उजव्या हातात, कारण खुबा डावा आहे, बहुतेक जण दुखऱ्या बाजूलाच धरतात ते चूक. कमोडची खुर्ची आजच आणा, हजार-दीड हजारात मिळते, उकिडवं बसणं बंद झालं की निम्मी कळ तिथेच कमी होते. दुखण्याच्या गोळ्या क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघितल्याशिवाय रोज देऊ नका, दहा वर्षांची शुगर आहे. फिजिओथेरपी इंजेक्शननंतर चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू करा, दुखणं उतरलेलं असतं तेव्हाच कुल्ल्याचे स्नायू घट्ट करून घेता येतात, आणि तेच पुढे ऑपरेशननंतर कामाला येतात.

एचबीए१सी आत्ता करून घ्या, नवा एक्सरे काढा, आणि दोन्ही ठीक असतील तर इंजेक्शन कानबाईच्या निदान दहा दिवस आधी घ्या, म्हणजे पुरणपोळीच्या दिवशी शुगर खाली आलेली असेल. रोटांची कणीक माऊलीने खुर्चीवर बसून टेबलावर परात ठेवून मळली तर देवी काही रागावणार नाही, जमिनीवर बसायला मात्र सुनांना सांगा.